मोरोपंत वकिलांनी पळवलेला गोळा

मी मोरोपंत वकिलांचा मुनशी. राजापेठेतल्या त्यांच्या बैठकीत बावीस वर्षं दावे लिहिले, कागदांना टाके घातले, साक्षीदारांना पानं खाऊ घातली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. वकीलसाहेब गेले असते तर मीही तोंड शिवून बसलो असतो. पण ते चांगले धडधाकट आहेत आणि सकाळी दोन वाट्या शिरा खातात.

बेचाळीस साली अमरावतीतले कितीतरी वकील जेलात होते. आमचे साहेब मूळव्याधीनं अंथरुणावर होते. मूळव्याध चार दिवसांची, अंथरूण दोन महिन्यांचं. मग इंग्रज निघून गेला आणि साहेबांचा सूड घ्यायचा राहून गेला. जेलात जाऊन आलेले वकील बाररूममध्ये मधल्या खुर्च्यांवर बसत, हे दाराजवळच्या बाकावर. ते त्यांना फार लागायचं.

बावन्न साली कोणीतरी त्यांना सांगितलं की मूर्तिजापूरहून सुटणारी छोटी गाडी अजून एका इंग्रज कंपनीच्या मालकीची आहे. झालं! हरवलेली म्हैस सापडावी तसा माणूस खुलला. साम्राज्य अजून आहे, आणि तेही दर्यापूरच्या वाटेवर! अमरावतीहून दर्यापूरच्या कोर्टात जायला मोटार सरळ जाते. पण आमची वरात बडनेऱ्याला, तिथून मूर्तिजापूरला, आणि तिथून छोट्या गाडीत, विनातिकीट. साहेबांना अटक करून घ्यायची होती हो! पण त्या गाडीचा गार्ड भला माणूस. तो हात जोडून म्हणायचा, तुमी बसा ना वकीलसाहेब, तुमाले कोन तिकीट मांगते? वर्षभर साम्राज्यानं त्यांना फुकट फिरवलं. एकदा तर गार्डानं पेरू दिला, आणि साहेबांनी तो खाल्लाही.

मग त्रेपन्नच्या हिवाळ्यात त्यांनी मोठा बेत केला. मला बसवून बारा पानी निवेदन लिहवून घेतलं. साम्राज्य, रक्तशोषण, सूड, सगळं त्यात होतं. आणि शेवटी, ‘आज रोजी गाडीचा गोळा मी जाणूनबुजून काढून घेतला आहे.’ खाली झोकदार सही आणि तारीख.

हा गोळा म्हणजे लोखंडी चेंडू. एकेरी रुळावर तो हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नाही. दर्यापूरच्या अलीकडे सहा कोसांवर एक लहानसं स्टेशन होतं. तिथे नत्थुजी नावाचा पोर्टर गोळा द्यायचा, कंदील पुसायचा आणि फाटकही तोच उघडायचा. गाडी उभी राहिली की गोळा बाकावर ठेवून तो फाटकाकडे धावायचा, मग परत येऊन तो ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. एकटा माणूस दुसरं काय करणार? त्या दिवशी तो धावला, आणि आमच्या साहेबांनी गोळा उचलून माझ्या दप्तरात, दाव्याच्या कागदांखाली सरकवला. हाव, माझ्याच दप्तरात. मी पाहिलं आणि दप्तराचा बंद आवळला.

गाडी सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत तिथेच उभी. पोरं रडली, बाया उन्हात बसल्या. आमचा पक्षकार सूर्यभान त्याच गाडीत होता. दर्यापूरला त्याचा दावा पुकारला गेला आणि एकतर्फी निकाली निघाला. वावर गेलं त्याचं. लंडनात मात्र कोणाचा चहासुद्धा थंड झाला नाही. नत्थुजी रुळाच्या दोन्ही बाजूंचं गवत हातानं चाचपत फिरत होता. मला म्हणाला, मुनशीजी, पोरीचं लगन पातूरला जमून राहिलं, असं कसं झालं हो? मी दप्तर मांडीवर घेऊन बसलो होतो. दुसरीकडे पाहिलं.

आठ दिवसांनी रेल्वेची चौकशी झाली. साहेब नवं उपरणं घालून, निवेदन खिशात ठेवून गेले. मला वाटलं, आता तरी हा माणूस माणूस ठरेल. त्यांनी अधिकाऱ्याला सहज विचारावं तसं विचारलं, असं करणाऱ्यावर कोणतं कलम लागेल? तो म्हणाला, कोणतं म्हणजे? चोरीचं. आणि वकिलीची सनद? सनद राहते का कुठे चोरी करून! एवढ्यावर साम्राज्य संपलं. साहेबांनी जबानी दिली की आपण काही पाहिलं नाही, पोर्टर मात्र जरा निष्काळजी वाटला. बाहेर येऊन निवेदन माझ्या हातात कोंबलं, म्हणाले, जाळून टाक.

नत्थुजीला काढून टाकलं. वर शेरा: रेल्वेचा माल गहाळ केला. गावानं त्याचं नाव गोळाचोर ठेवलं. त्यानं महादेवासमोर बेल उचलून शपथ घेतली, तरी पातूरच्या लोकांनी त्याच्या पोरीला, कौशल्येला, नकार कळवला. हे सगळं मला कळत होतं. माझी चूल त्या बैठकीवर पेटत होती, म्हणून मी गप्प होतो. याला भित्रेपणा म्हणतात, मलाही ठाऊक आहे.

चौसष्टच्या पंधरा ऑगस्टला राजापेठेतल्या शाळेच्या पटांगणात साहेबांचा सत्कार ठरला. गोळा घरी ठेवून साहेब तो पळवल्याची गोष्ट हळूहळू सांगू लागले होते, आणि अकरा वर्षांत ती पिकली होती. आता ती बेचाळीस सालची झाली होती, आणि गाडीत गोरी पलटण बसली होती! टेबलावर झेंडूच्या हारात तो गोळा ठेवायचं ठरलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नत्थुजीला कार्ड टाकलं: तुमचा गोळा पाहायला या.

तो आला. अंगात खाकी कोट, कोपरावर ठिगळ. भाषण अर्ध्यावर असताना सरळ मंचावर चढला, गोळा उचलला, त्यावरचा आकडा बोटानं चाचपला.

“हा आमच्याच टेशनाचा हाये, वकीलसाहेब.”

साहेबांनी त्याला ओळखलं. आवाज खाली घेऊन म्हणाले, “हे बघा नत्थुजी, आमचा सूड साम्राज्यावर होता. तुमच्याशी आमचं वैर नव्हतं.”

“साम्राज्य मी पायलं नाही, साहेब. त्या दिवशी टेशनावर त मीच होतो,” नत्थुजी म्हणाला. “गोळा तुमी नेला, एवढं लिहून द्या. गावात दाखवतो.”

माइक चालूच होता, सगळं पटांगण ऐकत होतं. साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग मला म्हणाले की यांना चहा पाजा. तेवढीच त्यांची हिंमत. मी नत्थुजीला चहा पाजला नाही. माझ्या ट्रंकेतून काढून आणलेले ते बारा कागद खिशातून काढले आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिले. मी ते जाळले नव्हते. साहेब तिथेच खुर्चीत बसले. हार गळ्यात तसाच.

खरं सांगतो, मला त्या क्षणी फार मोठं वाटलं. आता हा माणूस माझे पाय धरेल, असंही मनात आलं. नत्थुजीनं शेवटचं पान काढलं, ओळीखाली बोट धरून हळूहळू वाचलं. सही पाहिली. तारीख पाहिली. तारखेवर त्याचं बोट बराच वेळ थांबलं.

“मुनशीजी, हा कागद तुमच्यापाशी कवापासून हाये?”

“तेव्हापासूनच,” मी म्हणालो.

त्यानं कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले, गोळा काखेत मारला आणि मोटारस्टँडकडे चालू लागला. मोरोपंतांना तो शेवटपर्यंत साहेब म्हणाला. मला जाताना त्यानं रामरामही केला नाही.