डाव्या भुवईचा गुन्हा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मुलांना रोबोट चालवायला शिकवणारं एक बरं चाललेलं ॲप माझ्या दोन भुवयांनी जवळजवळ बुडवलं. डावीचा दोष मोठा, उजवी तिला सामील.

भुवयांची आधी ओळख करून देतो. जाड आहेत, काळ्या आहेत आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. तरुणपणी हौशी नाटकात मी एकदा संवाद साफ विसरलो होतो. तेव्हा नुसत्या भुवया नाचवून टाळी घेतली. पन्नाशीत डोक्यावरचे केस गेले, या राहिल्या. बायको म्हणते, तुम्ही गप्प बसलात तरी घरात गोंगाट असतोच.

तर महापेतल्या आमच्या छोट्या कंपनीने लाडवाच्या डब्याएवढा दोन चाकांचा रोबोट केला होता. टॅबलेटवर चौकोन असत: पुढे चल, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब. मुलांनी ते ओळीने लावायचे, बटण दाबायचं, की रोबोट तसा चालणार. ॲप कसं दिसावं, कसं वागावं हे ठरवणं माझं काम. ते मुलांना खरंच कळतं का, हे तपासणं माझ्या निम्म्या वयाच्या एका सहकारिणीचं.

तिचा नियम एकच होता. मूल ॲप वापरत असताना आपण बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. अडलं तर अडू द्यायचं आणि कुठे अडलं ते लिहून घ्यायचं.

"सर, तुम्हाला जमेल का पण?" तिने विचारलं.

"तोंडाला कुलूप," मी म्हणालो, आणि कुलूप लावून किल्ली खिडकीतून फेकल्याचा अभिनय केला. ती हसली नाही.

पहिली चाचणी खारघरच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये झाली. ती स्वतः होती, मला तिने मागच्या खुर्चीत टाकलं होतं. मुलं सरसकट एकाच जागी अडली. रोबोट आपल्याकडे तोंड करून आला की त्याची डावी म्हणजे आपली उजवी, आणि तिथे सगळ्यांचा गोंधळ. मी परत येऊन डावीचा चौकोन निळा केला, उजवीचा केशरी, आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो.

दुसऱ्या चाचणीला तिला ताप आला. दिघ्याच्या शाळेत मी एकटाच गेलो. कॅमेरा टॅबलेटवर रोखलेला होता, त्यात फक्त मुलांची बोटं दिसणार. मी समोर बसलो आणि शपथेवर सांगतो, अवाक्षर बोललो नाही. मुलांनी फटाफट वळणं घेतली. त्यातली सहावीतली एक मुलगी, लाल रिबिनी बांधलेली, सगळ्यांत तरबेज. चौकोनावर बोट न्यायची, क्षणभर माझ्याकडे बघायची आणि लावायची. मला वाटलं, आदर. अहवालात लिहिलं: अडचण सुटली.

मुख्याध्यापिकाबाई इतक्या खूश झाल्या की पालकसभेत प्रात्यक्षिक ठरवलं आणि त्यासाठी याच मुलीला निवडलं. तालमीच्या दिवशी ती मला हळूच म्हणाली, "सर, नीट झालं पायजे हां."

मी विचारलं, एवढं काय? तेव्हा कळलं. शाळेत दर शनिवारी रोबोटचा वर्ग सुरू होणार होता. पण तिची आई जवळच्या कंपनीत पॅकिंगला, शनिवारीही कामावर, आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी हीच. आई म्हणाली होती, आधी बघते काय हाय ते, मग ठरवू. त्यासाठी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून येणार होती.

"झालंच समज," मी म्हणालो. भुवयांसकट.

सभेला मी प्रमुख पाहुणा. आपल्याकडे पाहुण्याला व्यासपीठावरच बसवतात, शाल देतात, नारळ देतात. मी मांडीवर नारळ घेऊन मागच्या रांगेत विराजमान झालो. मुलगी पुढे, पालकांकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ. तिच्या पायाशी व्यासपीठावरच खडूने रस्ता काढलेला, शाळेपासून घरापर्यंत, मध्ये दोन वळणं.

पहिले चौकोन तिने झटकन लावले. वळण आलं आणि बोट थांबलं. तिने समोरच्या रांगांत कुणाला तरी शोधलं. मग मान वळवून मागे बघायला लागली.

"बाळा, पुढे बघ," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

तिने कुठलासा चौकोन लावला. रोबोट उलटा वळला, खडूच्या रेषा ओलांडल्या आणि व्यासपीठावरून खाली पडला. पालक हसले. माईक माझ्या हातात आला.

इथे मी काय केलं, ते लिहिताना आजही कान तापतात. काहीतरी गडबड आहे हे मला त्या क्षणी कळलं होतं. तरी मी नाटकात घेतात तसा सुरेख विराम घेतला आणि म्हणालो, "ॲप अगदी सोपं आहे. लोकांसमोर मुलं जरा घाबरतात, इतकंच." टाळ्या पडल्या. मी मान लववून त्या घेतल्या.

तिसऱ्या रांगेतून तिची आई उठली, पदर खोचला आणि पायऱ्यांपाशी येऊन मुलीला म्हणाली, "बघितलं. शनवारी घरीच ऱ्हा."

रोबोट उचलताना मी मुलीला विचारलं, काय गं झालं?

"तुमी मागं बसलेलात," ती म्हणाली. "भुवई दिसलीच नाय."

"कुठली भुवई?"

"डावीकडं वळायचं असलं की तुमची डावी वर जाते. उजवीकडं असलं की उजवी. चुकायला लागलो की दोन्ही खाली. सगळ्या वर्गाला म्हायतीये, सर." तक्रारीचा सूर नव्हता. पाढा म्हणावा तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सहकारिणीला सगळं सांगितलं, फक्त माईकवर काय बोललो ते गाळलं. ती रागावली नाही. चाचणीचं चित्रीकरण तिने पुन्हा लावलं. प्रत्येक वळणापाशी ते छोटं बोट हवेत थांबत होतं, मग खाली येत होतं. ज्या अहवालावर मी खूश होतो, तो तिने माझ्यासमोर पुसून टाकला.

पुढच्या चाचणीला तिने मला दिघ्याच्याच शाळेत, विज्ञानाच्या लोखंडी कपाटामागे बसवलं. तिथे मी भुवयांना मोकळं रान दिलं. प्रेक्षक एक पाल. पलीकडे मुलं धडाधड अडत होती, निळ्या-केशरीचा काडीचा उपयोग नव्हता. तेवढ्यात त्या मुलीचा आवाज आला, "रिक्षा वळायच्या आधी दिवा लावते ना? ह्याला पन लावा की."

रोबोटला दोन दिवे होतेच. मी ते शोभेला लावून घेतले होते. आता चौकोनाला बोट लावलं की निघण्याआधीच त्या बाजूचा दिवा लुकलुकायला लागला. पुढच्या खेपेला मुलं वळणावर अडेनात, आणि मान वर करून कुणाकडे बघेनात.

यात महिना गेला, शनिवारचा वर्ग त्या मुलीविना सुरूही झाला होता. राहिली होती आई. मुख्याध्यापिकांकरवी निरोप धाडला. जेवणाच्या सुट्टीत ती कंपनीचा निळा डगला अंगावर घेऊनच आली. मुलीने रोबोट शाळेपासून घरापर्यंत नेला आणि परत आणला. मग मी कपाटामागच्या माझ्या ठरलेल्या जागेवरून बाहेर आलो, गुडघ्याला धूळ, आणि सहकारिणी, मुख्याध्यापिका, सगळा वर्ग ऐकत असताना म्हणालो, "ताई, त्या दिवशी ही घाबरली नव्हती. ॲपच चुकीचं होतं आणि मुलांना उत्तरं माझ्या तोंडावर दिसत होती. ते मला तिथेच कळलं होतं, तरी मी माईकवर दोष हिच्यावर ढकलला."

सहकारिणीने माझ्याकडे पाहिलं. हे तिलाही नवीन होतं.

आई आधी मुलीला म्हणाली, "धाकटीला मावशीकडं ठिवू. तू जा." मग माझ्याकडे वळली, कपाटाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "म्हंजी नापास तुमी झाला हुता, आन् चार शनवार घरी माझी पोर बसली."