कोपरचं मैदान चांगलं होतं

गेल्या हिवाळ्यात माजिवड्याच्या एका सभागृहात माझा सत्कार झाला. कबड्डीत आयुष्य घालवलेल्या काही म्हाताऱ्यांना शाल-श्रीफळ द्यायचं होतं, त्यांत मी एक. बोलायची पाळी आली तेव्हा मी माझा नेहमीचा किस्सा सांगितला.

"कोपरला सामना होता. मैदान असं, की कबड्डी सोडून भात लावावा! त्यांचा हुकमी चढाईपटू आमच्याकडे आला. मी धरला, शिट्टी झाली, मी सोडला. आणि हा गडी उठताना आपल्याच गावच्या खड्ड्यात पाय मुरगळून बसला!"

लोक हसले. कुठे थांबलं की हशा येतो, हे मला पाठ होतं.

नंतर चहाच्या टेबलाजवळ एक चाळिशीची बाई आली. म्हणाली, "सर, मी त्या चढाईपटूची मुलगी. ते मैदान माझ्या आजोबांनी केलेलं. आजोबा अजून आहेत. खड्डा नव्हताच, असं आजही म्हणतात. आम्ही आपलं हो हो करतो." मग तिने विचारलं, "तुम्ही सगळ्यांत जवळ होतात ना? खड्डा खरंच होता?"

"फार वर्षं झाली गं. आठवून सांगतो," मी म्हणालो आणि बिस्किट उचललं.

आठवायचं काहीच नव्हतं.

घोडबंदर रोडवर आता जिथे उंच इमारती आहेत, तिथल्या एका कारखान्याच्या संघात मी खेळायचो. हजेरीपटावर कारकून होतो, पण टेबलावर कधी बसलो नाही. माझी चढाई सामान्य होती आणि पकडही मध्यम. मला घेतलं होतं ते माझ्या हातांतल्या ताकदीसाठी, आणि ती वापरताना मला वाईट वाटत नसे म्हणून. समोरचा चढाईपटू आवरेनासा झाला की आमचे प्रशिक्षक राखीव खेळाडूंच्या बाकाकडे बघत. मी उठून आत जायचो. पुढच्या दोन-तीन चढायांत तो चढाईपटू एक तर लंगडायला लागायचा, नाहीतर आमच्या बाजूला यायला कचरायचा. वर्तमानपत्रात माझ्या खेळाला 'झुंजार' म्हणत. ती कात्रणं बायकोने जपून ठेवली होती.

कोपरचा तो चढाईपटू वीस-बावीस वर्षांचा, सडपातळ, पाण्यातल्या माशासारखा हातून निसटणारा. त्याच मोसमात त्याला एका मोठ्या कंपनीच्या संघात नोकरी लागणार अशी बोलणी चालली होती. मैदान त्याच्या बापाने केलं होतं, हे मला सामन्याआधीच कळलं होतं. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा तो माणूस गुडघ्यांवर बसून हाताने माती चाचपत होता. आमच्यातला एक जण ओरडला, "काय काका, सोनं हरवलं काय?" तो हसून म्हणाला, "खडा गावतो का बघतो. तुमचाच पाय फुटंल."

उत्तरार्धात आम्ही मागे पडलो. प्रशिक्षकांनी बाकाकडे पाहिलं.

मी आत गेल्यावरच्या दुसऱ्याच चढाईत मला त्याचा उजवा घोटा सापडला. आमचे आणखी दोघे त्याच्यावर पडले. तरी त्याने अंग लांबवलं आणि मध्यरेषेला हात लावला. शिट्टी झाली. आम्ही तिघे बाद. शिट्टी झाली की पाय सोडायचा असतो. मी सोडला नाही. वर माणसं होती, खाली काय चाललंय ते पंचांना दिसत नव्हतं. मी घोटा धरून पाय आतल्या बाजूला पिळला. गुडघ्यातून आलेला आवाज मला ऐकू आला.

हे मी खेळ म्हणून खपवलंही असतं. पुढे जे केलं ते खपण्यासारखं नाही. सगळे त्याच्याभोवती जमले, त्याचा बाप धावत आला, आणि त्या गर्दीत उभ्या-उभ्या मी टाचेने माती उकरली. चांगली ओंजळभर. पंच माझ्याकडे वळले तेव्हा खाली बोट दाखवून म्हणालो, "हे बघा. असल्या मैदानावर खेळवता?"

बापाने तो खड्डा पाहिला. खाली बसला, त्यात बोटं घातली आणि तसाच बसून राहिला.

पोराचा गुडघा पुन्हा वाकला नाही. नोकरी गेली. त्या गावाला पुन्हा स्पर्धा मिळाली नाही. पोराला बापानेच अधू केलं, असं लोक बोलत. हे सगळं माझ्या कानावर येत होतं. मी पुढे प्रशिक्षक झालो. प्रत्येक संघात माझ्यासारखा एक गडी मी हेरून ठेवायचो आणि पंचांना दिसणार नाही अशा बेताने अंग कुठे आडवं घालायचं, ते त्याला शिकवायचो. आणि गंमत म्हणून कोपरचा किस्सा सांगायचो.

सत्कारानंतर काही दिवसांनी मी कोपरला गेलो. मुलीने पत्ता दिला होता. चढाईपटू आता साठीच्या पुढचा, किराणा दुकानात पाय सरळ लांब करून बसलेला. मला ओळखून म्हणाला, "या सर. तुमचा सत्कार झाला म्हणे." मी सगळं तिथेच, गिऱ्हाइकं येत-जात असताना सांगितलं. त्याने मध्ये एकाला साबण दिला, सुटे दिले. माझं सांगून झाल्यावर दुकान तिथेच ऐकत उभ्या असलेल्या मुलीकडे सोपवून तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? बाबांना सांगा."

बाबा मागच्या खोलीत खाटेवर होते. मी हळू आवाजात सुरुवात केली.

"मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "मना आयकू येत नाय."

मी आवाज चढवला. तरी त्यांनी हात कानामागे धरला. शेवटी मला अक्षरशः ओरडावं लागलं, "खड्डा मी केला! टाचेने केला!"

शेजारची एक बाई दारात येऊन उभी राहिली. "काय झालं ओ?"

"थांब गं," म्हातारा तिला म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "शिट्टी व्हयाच्या आधी का मंगारी?"

"नंतर. तुम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतात तेव्हा."

"आन् माती?"

"माती चांगली होती."

"मोठ्यानं."

"माती चांगली होती! मैदान चांगलं होतं!"

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग छताकडे बघत म्हणाले, "म्हातारीनं आयकायला पायजे व्हतं. मरस्तोवर बोलली, तूच माझा पोर मोडलास. मी पण बोलायचो, आसंल बाय. हातानं चाचपलेली जागा, तरी बोलायचो आसंल."

मी खाली वाकून त्यांच्या पायांकडे हात नेला. त्यांनी पाय आखडून चादरीत घेतले.

"तुझ्या सत्काराला किती मानसा व्हती?"

"दोनशे असतील."

"त्यांना सांग मंग. मना काय सांगतोस, मना ठावं हाय."

घरी आल्यावर मी सभागृहवाल्यांना फोन केला, त्याच लोकांना पुन्हा बोलवाल का म्हणून विचारलं. "जाऊ द्या ना सर, कशाला आता," म्हणाले. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांनी माझ्या तोंडून तो किस्सा ऐकला, हसले, पुढे दुसऱ्यांना सांगितला, त्यांनी हे वाचावं: कोपरच्या त्या मैदानात खड्डा नव्हता.

त्या दिवशी कोपरहून निघताना चढाईपटू मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. चालताना त्याचा पाय अर्धगोल घेऊन पुढे पडत होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "गुडघ्याचं राहू द्या, सर. खेळात मीही कुणाची बोटं मोडली असतील. पण मी माझ्या बापाशी कित्येक वर्षं बोललो नाही. एका घरात राहून. त्याचं काय करायचं, सांगा."

  मागून म्हाताऱ्याचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. माती कुठून आणली, किती वेळा चाळली, पाणी कधी मारलं, हे तो त्या शेजारणीला पहिल्यापासून सांगत होता. चढाईपटू वळला आणि ते ऐकायला जमेल तेवढ्या घाईने घराकडे निघाला.