पहिली प्रत मिसच्या हातात

एखाद्या माणसाविरुद्धचा मजकूर तुम्ही शेवटचा पुढे पाठवलात, तेव्हा तो आधी त्या माणसाला दाखवला होता का? मी नववीत असताना दाखवला नव्हता. त्यामुळे एका बाईंची नोकरी जायच्या बेताला आली होती.

आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त असायची. बाबा ग्वाल्हेरच्या एका सरकारी कचेरीत कारकून आणि तिथल्या कर्मचारी संघटनेचे चिटणीस. पत्रकं दौलतगंजातल्या एका छापखान्यात छापून व्हायची आणि दुमडायला आमच्याकडे यायची. एका कागदाच्या तीन घड्या, प्रत्येक घडीवरून चमच्याची पाठ फिरवायची, म्हणजे कागद नीट बसतो. हे काम मी पाच वर्षांची असल्यापासून केलं. मला वाचता आलेला पहिला शब्द ‘साथियो’ होता. भिंतीवर चिकटवायची पत्रकं असली की आई मैद्याची खळ शिजवायची आणि बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, “या घरात वरणापेक्षा खळ जास्त शिजते.”

बाबांचा एक नियम होता. पत्रक ज्याच्या विरुद्ध असेल, पहिली प्रत त्याच्या हातात द्यायची. साहेबाविरुद्ध असलं तर ते स्वतः साहेबाच्या खोलीत जायचे आणि सांगायचे, “हे तुमच्याबद्दल आहे. अजून वाटलेलं नाही. काही चूक असेल तर आत्ताच बोला.” संघटनेतले काका त्यांची थट्टा करायचे, “लढाईची वेळ दुश्मनाला विचारून ठरवतो हा माणूस!” एकदा साहेबाने खरोखरच चूक दाखवली. ज्याची बदली सूड म्हणून केली असं पत्रकात होतं, त्याने ती स्वतः अर्ज करून मागितली होती. बाबांनी अख्खा गठ्ठा घरी परत आणला. त्या वर्षी मी अपूर्णांकांची सगळी गणितं त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर सोडवली.

आठवीपर्यंत मी आमच्याच मराठी मंडळींनी चालवलेल्या हिंदी माध्यमाच्या शाळेत होते. नववीला मला मिशनच्या कॉलेजात घालायचं आईने ठरवलं. नावात कॉलेज असलं तरी ती शाळाच, बारावीपर्यंत, आणि इंग्रजी माध्यमाची. आत्याचा लगेच फोन आला, “वहिनी, मिशनची शाळा? उद्या पोरगी गळ्यात क्रॉस घालून येईल हां.” आई म्हणाली, “आधी तोंडात इंग्रजी घालून येऊ दे, मग गळ्याचं बघू.”

मला खरी काळजी प्रार्थनेची होती. सक्तीची कुठलीही गोष्ट करायची नाही असं मी तेराव्या वर्षीच जाहीर केलं होतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “सगळे उभे राहतात तेव्हा तूही उभी रहा. डोळे मिटायचे की नाही, ते तुझं तू ठरव.”

मी ठरवलं, मिटायचे नाहीत.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाला प्रार्थनेचं एक कार्ड मिळालं. इंग्रजीत छापलेलं. सकाळी मैदानात सगळ्यांनी ते हातात धरून एका सुरात वाचायचं आणि शेवटच्या दोन ओळींना डोळे मिटायचे. मी मिटले नाहीत, म्हणून मला दिसलं की आणखी एक माणूस डोळे उघडे ठेवून आहे. आमच्या इंग्रजीच्या मिस. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, फिकट साडीतल्या. त्या रांगेतून हळूहळू फिरत मुलींच्या तोंडाकडे आणि हातातल्या कार्डाकडे बघत होत्या. मी मनात नोंद केली: पहारा.

माझ्या बाकावर गावातल्या हजीरा वस्तीतली एक मुलगी होती. माझ्यासारखीच हिंदी माध्यमातून आलेली. भाड्याच्या गर्दीच्या टेम्पोतून यायची, रोज उशिरा, आणि डब्यात पराठा-लोणचं. पहिल्याच आठवड्यात तिने अर्धा पराठा माझ्याकडे सरकवला. “ले मराठन, खा ले. तुम लोग तो पोहा खा के जीते हो.” मी म्हटलं, “और तुम लोग टेम्पो के पीछे भाग के.” ती इतकी हसली की आम्हा दोघींना उभं राहावं लागलं. नव्या शाळेत माझं असं तेवढंच एक माणूस होतं.

तिसऱ्या आठवड्यापासून ती शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर येईना. मिस तिला आणि आणखी आठ मुलींना थांबवून घ्यायच्या. चॅपलच्या शेजारच्या खोलीत. दार आतून बंद. एके दिवशी मी त्या खोलीजवळच्या जिन्याखाली थांबले आणि कान दिला. आतून सगळ्या जणी एका सुरात काहीतरी इंग्रजी म्हणत होत्या. एक ओळ मिसची, मागून तीच ओळ मुलींची. शब्द कळत नव्हते. चाल मात्र सकाळच्या प्रार्थनेसारखीच वाटली.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, “अंदर क्या करवाते हैं?”

“कुछ नहीं.”

“कुछ नहीं तो दरवाज़ा क्यों बंद?”

तिने पुस्तकात मान घातली. “तेरे को क्या करना है?”

नऊच्या नऊ मुली हिंदी माध्यमातल्या, साध्या घरातल्या, आणि एकीचंही कुणी शाळेत येऊन विचारणारं नाही. मला सगळं चित्र स्पष्ट झालं. म्हणजे तसं वाटलं. आत्याचं वाक्य मी घरी हसण्यावारी नेलं होतं, ते आता माझ्याच डोक्यात जाऊन बसलं होतं.

त्या संध्याकाळी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. हिंदीत, बाबांच्या धर्तीवर. मथळ्याखाली दोन रेघा: ‘बंद दरवाज़े के पीछे क्या हो रहा है?’ नऊ गरीब मुलींना शाळा सुटल्यावर कोंडून दुसऱ्या धर्माच्या प्रार्थना पाठ करवल्या जातात, असं लिहिलं, मिसच्या नावाऐवजी त्यांचा विषय लिहिला, आणि शेवटी, ‘जवाब दो!’ खाली माझं नाव घातलं नाही. वीस झेरॉक्स काढल्या, घड्या घातल्या, चमचा फिरवला, आणि सकाळी लवकर जाऊन बाकांच्या कप्प्यांत ठेवल्या.

बाबांचा नियम मला आठवला नव्हता असं नाही. आठवला होता. पण साहेबाच्या खोलीत बाबा जायचे, मला मिसच्या समोर जायची भीती वाटली. शिवाय मी स्वतःला सांगितलं की विचारलं तर त्या खोटंच सांगतील.

दुपारपर्यंत माझ्या पत्रकाचा फोटो पालकांच्या फोनवर पोचला. संध्याकाळपर्यंत त्या फोटोखाली आणखी चार ओळी चिकटल्या होत्या. त्या माझ्या नव्हत्या आणि इथे परत लिहायच्या लायकीच्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर काही माणसं जमून घोषणा देत होती. त्यातल्या एकाचंही मूल आमच्या शाळेत नव्हतं. पहिल्या तासाला मिस आल्या नाहीत. मुख्याध्यापक फादरांनी त्यांना घरी थांबायला सांगितलं होतं, आणि शनिवारी आमच्या वर्गातल्या मुलींना पालकांसह बोलावलं होतं. तिथे मिसनी समाधानकारक उत्तर दिलं नाही तर त्यांना जावं लागणार, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी बाबा कचेरीतून आले तेव्हा फोन त्यांच्या हातात होता. फोटोतल्या मथळ्याखाली दोन रेघा होत्या, आणि अक्षर तर ते माझ्या पाटीपासून ओळखत होते. मी ओरडा ऐकायच्या तयारीत होते. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “पहिली प्रत कुणाला दिलीस?”

“कुणालाच नाही.”

“चप्पल घाल,” ते म्हणाले. “स्कूटर काढतो.”

मिस पडाव भागात राहायच्या, एका हॉटेलाच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. दार त्यांनीच उघडलं. मी घडी घातलेला कागद पुढे केला आणि बाबांचंच वाक्य कसंबसं म्हटलं, “ये आपके बारे में है. मैंने लिखा है. पहले आपको देना चाहिए था.”

त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि मग पत्रक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. जणू अजून पाहिलंच नव्हतं. मग म्हणाल्या, “इसमें तीन बातें सच हैं. दरवाज़ा बंद था. लड़कियाँ नौ थीं. और हम सब मिलकर बोलते थे.”

“फिर अंदर क्या बोलते थे, मिस?”

“वो मैं नहीं बता सकती, बेटा. उनको ज़बान दी है.”

“शनिवार को भी नहीं बताएँगी?” बाबांनी विचारलं.

“नहीं, भाई साहब.”

खाली गल्लीत बाबांनी स्कूटर लगेच सुरू केली नाही. “आता कुणाला विचारायचं?” त्यांनी विचारलं. ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी हजीऱ्याला गेले. ती दाराच्या पायरीवर बसून लसूण सोलत होती. मला बघून तिने मांडीवरची परात शेजारी पायरीवर ठेवली, म्हणजे बसायला जागा नाही हे मला कळावं.

“मेरे से पूछ तो लेती,” ती म्हणाली.

“पूछा था.”

“तू पूछ नहीं रही थी. तू थानेदार जैसे बयान ले रही थी.”

मग लसणाकडे बघत तिने सांगितलं. त्या नऊ मुलींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. चुकत वाचतात असं नाही, मुळातच येत नव्हतं. आठवीपर्यंत त्यांना कुणी नापास केलं नव्हतं आणि कुणी शिकवलंही नव्हतं. मिसनी ते प्रार्थनेच्या वेळी हेरलं होतं. ज्या मुली कार्डाकडे न बघता शेजारणीच्या ओठांकडे बघून ओठ हलवायच्या, त्या मिस टिपून ठेवायच्या. मी ज्याला पहारा म्हटलं, ते हे होतं. बंद खोलीत मिस त्यांना दुसरीच्या मुलांचं पुस्तक वाचायला शिकवत होत्या. आणि दार बंद करायला मुलींनीच सांगितलं होतं. नववीत बसून दुसरीचं पुस्तक वाचतो हे वर्गाला कळायला नको म्हणून.

“तेरे को लिखना आता है, तो तूने लिख मारा,” ती म्हणाली. “मेरे को तो तेरा पर्चा समझ में आ गया, क्योंकि हिंदी में था. इंग्लिश में लिखती तो मैं सबसे बाद में रोती.”

मी घरी आले आणि दुसरं पत्रक लिहिलं. अवघड काम होतं. खरं सांगायचं, पण मुलींचं गुपित फोडायचं नाही. शेवटी चार ओळी झाल्या: पहिला कागद मी लिहिला. लिहिण्याआधी कुणालाही विचारलं नाही. प्रार्थना पाठ करवतात हे मी पाहिलं नव्हतं, तो माझा अंदाज होता आणि तो चुकीचा होता. खाली माझं पूर्ण नाव. पहिली प्रत मी माझ्या त्या मैत्रिणीच्या हातात दिली. तिने वाचली, घडी केली आणि कंपासपेटीत ठेवली.

शनिवारी हॉलमध्ये मी ते पत्रक वाचून दाखवलं. मागून एक पालक उठले. “वो तो ठीक है, बिटिया. मगर अंदर होता क्या था?” फादरांनी मिसकडे पाहिलं. मिस स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. मला उत्तर माहीत होतं आणि ते द्यायचा अधिकार मला नव्हता.

तेवढ्यात मुलींच्या रांगेतून माझी हजीरावाली उठली. दप्तरातून तिने पातळ रंगीत पुस्तक काढलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. एका विहिरीचा धडा होता. प्रत्येक शब्दापाशी थांबत, एक शब्द दोनदा मागे जाऊन. हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मिसचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, आवाज न करता. पान संपल्यावर ती म्हणाली, “ये होता था. दरवाज़ा हमने बंद करवाया था. शरम आती थी.” आणि खाली बसली.

मिस राहिल्या. माझी शिक्षा म्हणून फादरांनी मला महिनाभर सकाळी प्रार्थनेची कार्डं वाटायला लावली. त्यावर पत्रक काढावंसं मला वाटलं नाही.

पण सगळं निस्तरलं असं मी म्हणणार नाही. त्यानंतर त्या खोलीचं दार उघडं ठेवायचा हुकूम निघाला. उघड्या दारात दुसरीचं पुस्तक वाचायला नऊपैकी पाचच आल्या. चौघी पुन्हा कधी तिथे बसल्या नाहीत, आणि त्यातल्या दोघींनी पुढच्या वर्षी शाळाच सोडली. फाटकाबाहेरच्या माणसांनी ते केलं नाही. त्यांना तिथे बोलावणारा कागद माझा होता. माझी हजीरावाली दिवाळीपर्यंत दुसऱ्या बाकावर बसली. दिवाळीनंतर एक दिवस अर्धा पराठा माझ्यासमोर आला. मी खाल्ला.

मी अजूनही पत्रकं लिहिते. अन्याय दिसला की लिहावंच, आणि जोरात लिहावं, यावर माझा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही. पण पहिली प्रत कुठे गेली हे मला दर वेळी सांगता येतं.

तुम्हाला एक विनंती आहे. हे वाचून झालं की फोन उघडा. एखाद्या शिक्षिकेबद्दल, शेजाऱ्याबद्दल, दुकानदाराबद्दल, पलीकडच्या गल्लीतल्या एखाद्या घराबद्दल तुम्ही शेवटचं जे पुढे पाठवलंत ते शोधा. तो माणूस तुमच्या गावात असेल तर आजच त्याच्या दारात जा, तो मजकूर त्याच्या हातात द्या आणि विचारा, “यात चूक काय आहे?” मग खाली बसा, पाणी दिलं तर प्या, आणि उत्तर पूर्ण ऐका.