सरदारचा हीटर आणि समोरचं दार

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. चेन्नईत, अंबत्तूरच्या आमच्या ऑफिसात मीटिंग चालू होती आणि आईचा फोन आला... "अगं, सरदार तळाशी पडलाय. हलतच नाहीये."

सरदार म्हणजे माझा फायटर मासा. निळाजांभळा, शेपटी फेट्याच्या शेमल्यासारखी मागे सोडलेली... म्हणून आईनेच ठेवलेलं नाव. राहतो जेमतेम पाच लिटरच्या काचेच्या टाकीत.

बाबा गेल्यावर मी आईला साताऱ्याहून चेन्नईला आणलं होतं. तिला इथलं काहीच रुचेना. तमिळ येत नाही, इंग्रजी बोलायला लाजते... सकाळी मी निघाले की संध्याकाळपर्यंत घरात एक अक्षर बोलायला माणूस नाही. मग ती सरदारशी बोलायची. खिडकीशी खुर्ची ओढून, चहा पीत, साताऱ्याच्या सगळ्या गोष्टी त्याला सांगायची. परतीचं तिकीट मात्र तिने हट्टाने आधीच काढून घेतलं होतं.

त्या आठवड्यात वादळी पाऊस होता. सूर्य दिसला नव्हता, खिडकीतून गार वारा टाकीवर येत होता. चेन्नईत कसला आलाय गारठा, असं आपल्याला वाटतं... पण एवढंसं पाणी पटकन गार होतं आणि या माशाला उबदार पाणी लागतं.

"गरम पाणी ओतू का थोडं?" आईने फोनवर विचारलं. मी ओरडलेच, "नको! एकदम तापलं तर जाईल तो. टाकी खिडकीपासून लांब ठेव, मी हीटर घेऊन येते."

लांब ठेव म्हणणं सोपं. भरलेली टाकी तिला एकटीला उचलवणार कशी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही...

वाटेत दुकानात शिरले. तिथे होता तो हीटर मोठ्या टाकीचा. इवल्याशा टाकीत तो लावला तर पाणी बघता बघता तापून मासा शिजायचाच. दुसऱ्या दुकानात अगदी छोटा, ठरल्या तापमानाला आपोआप बंद होणारा मिळाला. सोबत थर्मामीटर घेतला आणि पावसात बस धरली. सगळ्या वाटेत एकच विचार... हा मासा गेला तर आई उद्याच बॅग भरेल.

घरी पोचले तर दार उघडं. आतून बोलण्याचा आवाज... दोन बायकांचा. मराठीत!

समोरच्या फ्लॅटमधल्या सरोजा मामी आमच्या सोफ्यावर बसल्या होत्या. दोन वर्षं शेजारी राहून मी त्यांच्याशी फक्त इंग्रजीत, तेही लिफ्टपुरतं बोललेली. टाकी आतल्या भिंतीशी स्टुलावर आली होती, भोवती आईची शाल गुंडाळलेली.

झालं असं, की आईने धीर करून त्यांची बेल वाजवली. दार उघडेपर्यंत ती स्वतःशीच पुटपुटत होती, "आता हिला कसं सांगू, मासा गारठलाय म्हणून..."

दारातून उत्तर आलं, "गारठला? थांबा बाई, मी येतें."

मामी तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी जुनं, तमिळच्या हेलाचं, मधेच एखादा तमिळ शब्द घेणारं... पण मराठीच. यजमान गेल्यापासून त्या ते कुणाशी बोलल्या नव्हत्या. मुलं तमिळ आणि इंग्रजीत रमलेली.

मी हीटर पाण्यात पूर्ण बुडवून काचेला चिकटवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मगच बटण दाबलं. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन सोडली, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये जाणार नाही. "हात घालायचा तर आधी प्लग काढायचा," असं दोघींना बजावलं. थर्मामीटरचा आकडा हळूहळू चढत सव्वीसला येऊन थांबला. तोवर आम्ही तिघी टाकीसमोर बसून होतो...

सरदारने आधी कल्ले हलवले. मग शेपटी. मग तिरका तिरका वर आला आणि पाण्यावर तोंड काढून हवेचा एक घोट घेतला. आई रडायलाच लागली. मामींनी तिचा हात धरला, म्हणाल्या, "आतां बरा आहे तो. रडूं नका."

त्यानंतर रोज दुपारी त्या दोघी एकत्र. रसम, आमटी, माहेर, नवरे... शब्द अडला की हातवारे. मला वाटलं, आता आई राहील. पण जानेवारीत ती साताऱ्याला परत गेलीच. "घर बंद ठेवून कसं चालेल गं," म्हणाली. निघताना एकमेकींच्या गळ्यात पडून दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या.

काल संध्याकाळी मामी आल्या होत्या. आईशी व्हिडिओ कॉल झाला, मग नेटवर्क गेलं. मला वाटलं, आता उठतील. त्या बसूनच राहिल्या.

"तूं बोल की," म्हणाल्या. "काय पण बोल... तुझा आवाज आईसारखाच आहे."

मग मी बोलत राहिले. ऑफिस, बस, भाजीचे भाव... काहीही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, आणि माझ्याच आवाजात मलाही आई ऐकू येत होती.