जाळरेषा क्रमांक सात

दुपारच्या जेवणानंतर वनविश्रामगृहाच्या खोलीत डॉ. मृणालिनी हस्तक डोळे मिटतात. झोप आली म्हणून नव्हे, समोरचा मसुदा पाहवत नाही म्हणून. व्हरांड्यात वणव्याच्या चौकशी समितीचे अध्यक्ष रश्श्याला ढेकर देऊन दाद देत आहेत. चार वाजता सह्या. बाईंनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले. समितीवर त्यांना घेतले ते अहवालाला विद्वत्तेचा वास यावा म्हणून, मसालेभातात तमालपत्र घालतात तसे. खाताना ते बाजूला काढायचे असते.

मसुद्यातले एक वाक्य मिटल्या पापण्यांआडही वाचता येते: ‘मयत अग्निरक्षक झितरू कुळमेथे यांच्या देहाजवळ काडेपेटी आढळली, मोहफुले वेचायला जमीन मोकळी करण्यासाठी त्यांनीच आग लावली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ नाकारता येत नाही! शतकानुशतकांच्या मराठी गद्याने अखेर हे कमावले : कर्ता कोणीच नाही, आरोपी मात्र आहे.

कूलरची घरघर मंदावते. पाचोळ्यावरून कोणी चालावे तशी ती सरसरू लागते. कोणी तरी चालतच आहे.

“जेवल्या का, म्याडम?”

दारात झितरू उभा आहे. मार्चमध्ये जळून गेलेला माणूस एप्रिलमध्ये जेवणाची चौकशी करतो, यात बाईंना काहीच वावगे वाटत नाही. अंगावर कुठे भाजल्याची खूण नाही. फक्त भुवया नाहीत.

“जेवले.”

“कोंबडी असन. साहेब लोक आले का आमच्या जंगलात पहिले कोंबडी मरते.”

बाईंना हसू येते आणि लगोलग त्याची लाज वाटते. त्या उठून पायरी उतरतात, ती थेट जाळरेषा क्रमांक सातवर. जंगलाच्या दोन तुकड्यांमधला हा उघडा पट्टा गवत-पाचोळा जाळून मोकळा ठेवायचा असतो, वणवा इथवर यावा आणि उपाशी मरावा म्हणून. पण बाईंचे पाय घोट्यापर्यंत बुडतात. सागाची पाने, पत्रावळीएवढी, वाळून कडकडीत.

“ही साफ केलेली होती,” बाई म्हणतात. “अहवालात फोटो आहे.”

“केलीच होती ना जी, जानेवारीत. मीच झाडली, मीच जाळली. फोटोत झाडू घेऊन मीच उभा हाय.” तो वर पाहतो; एक पान गिरक्या घेत त्याच्या खांद्यावर उतरते. “मंग साग पानं टाकाले लागला. त्याले कोणी सांगतलंच नाही, का बाबू, फोटो निघाला, आता थांब.”

“मग पुन्हा का झाडली नाही?”

“माणसं मागतली ना. साहेब म्हणे, फोटो तर आला.”

साग ओळीने उभे आहेत, आणि ती बाकांची ओळ आहे. बाईंच्या हातात खडू. प्रशिक्षणाला आलेले चाळीस अग्निरक्षक वह्या उघडून बसले आहेत, आणि फळ्यासमोरून बाईंचाच ठणठणीत आवाज येतो आहे : “सागाची पानगळ जानेवारीत संपत नाही, मार्चपर्यंत चालते. म्हणून रेषा पुन्हा झाडायची. लिहून घ्या.”

शेवटच्या बाकावरून झितरू हात वर करतो. “म्याडम, हे तुमीच शिकवलं आमाले. मंग जानेवारीचा फोटो मार्चचा पुरावा कसा झाला?”

उत्तर बाईंना ठाऊक आहे. बैठकीत फोटो फिरत आला, त्यांनी पाहिला, मान हलवली आणि पुढे सरकवला. पानगळीवर त्यांचे सतरा शोधनिबंध आहेत. पहिल्या वर्षाच्या पोराने ही चूक केली असती, तर त्यांनी त्याला नापास केले असते. अध्यक्षांची किळस येणे सोपे आहे. ही दुसरी किळस आपल्याच जिभेवर साचते, आणि ती थुंकायला जागा नाही.

खडूची भुकटी आता राख आहे. फळ्यामागची भिंत तापते, तडकते.

“वणवा करंजटोल्यावर चालला होता,” झितरू शेजारून सांगतो. “पाचोळा उडवाच्या ब्लोअरमधी पेट्रोल नाही. डाहाळीनं झोडपून असा वणवा इझते का? माह्या जोडीदाराले, मारोतीले, गावात धाडलं. म्हणलं, म्हातारे, लेकरं, सगळ्याइले तलावाच्या कोरड्या पात्रात नेऊन बसव. अन मी रेषेवरून उलटी आग लावली.”

येणाऱ्या वणव्याचे खाणे आपणच आधी जाळून टाकायचे. आग पुढे, मोकळी रेषा पाठीशी. बाईंना ही रीत माहीत आहे. मोकळ्या रेषेवर उभा राहिलेला माणूस वाचतो. झितरूच्या पाठीशी पाचोळा होता.

“गाव?”

“वाचलं. एक बकरी मेली. तिचा पंचनामा बराबर झाला म्हणते.”

“मी लिहिते, आग तुम्ही लावलीच नाही.”

“नोका जी!” तो पहिल्यांदाच चिडतो. “काडी मीच ओढली. खोटं काहून लिहिता? काहून ओढली, तेवढं लिहा. माही पोरगी शाळेत जाते, तर पोट्टे तिले ‘वणवेवाल्याची’ म्हणतेत.”

काळ्या पडलेल्या बुंध्यावरून तो एक कोवळी पालवी खुडतो आणि बाईंच्या हातावर ठेवतो. “साग ओळखाले असं पान चुरडून दाखवत होत्या ना तुमी? चुरडा.”

बाई चुरडतात.

“मॅडम, चार वाजले.”

व्हरांड्यातल्या हाकेने त्या जाग्या होतात. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे लाल आहेत. सागाचे कोवळे पान चुरडले की असाच लाल रंग निघतो. आणि खिडकीबाहेरचे साग नागवे उभे आहेत, पालवीला अजून महिना आहे. बाई बोटे नाकाशी नेतात. ओला, हिरवट वास.

अध्यक्ष दात कोरत आत येतात. “फक्त सही करायची, मॅडम. वाचत बसू नका.”

बाई ते वाक्य खोडतात आणि वर लिहितात : ‘आग कुळमेथे यांनीच लावली, करंजटोला गावाकडे येणारा वणवा अडवण्यासाठी, शिकवलेल्या रीतीने.’ समासात तीन लाल ठसे उमटतात.

“अहो, कागद खराब केलात! थांबा, नवीन प्रत काढायला सांगतो.”

“हीच जाईल,” बाई पान उलटतात. “बसा. अजून फोटोबद्दल लिहायचे आहे.”