पाळीवरचं चाक

चंद्रपूरच्या एका टायरवाल्याने मला फसवलं, आणि मी चिंधूभाऊंना फसवलं. पहिली गोष्ट मी साऱ्या तालुक्याला ऐकवली आहे, न विचारता, चहा पाजून. दुसरी आजपर्यंत कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही ग्रामसेवक म्हणून नवे आलात, मला ओळखत नाही. ओळखत असता तर म्हणाला असता, गजाननभाऊ आणि चूक कबूल करणार? माझी ख्याती वेगळी आहे. भाव करताना मी समोरच्याला घाम फोडतो, आणि नाही पटलं तर आवाज चढतो. डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकणाऱ्या बाईचा मी मुलगा. सिंदेवाही ते आरमोरी आज माझी मासळी जाते. घर पक्कं आहे, रात्री झोप लागते. हो, लागते. उगाच तळमळत असतो असं कशाला सांगू?

तर जीप. सरकारी लिलावातून निघालेली, चारही चाकांना ओढ असलेली जुनी जीप मी घेतली होती. तलावांवरून मासळी आणायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण पावसाळ्यात पोट टेकायचं. मग मूल गावच्या मिस्त्रीकडून ती उचलून घेतली — पाट्यांखाली ठोकळे, लांब शॉकअप, मडगार्डच्या कडा कापलेल्या. आणि चंद्रपुरातून चार मोठे टायर आणले, चिखलाचे. त्यांची नक्षी बोटभर खोल, चौकटी-चौकटीची. हे कायद्यात बसत नाही म्हणतात. आमच्या नाल्यांना कायदा माहीत नाही.

त्या गाडीत पहिल्यांदा बसलो तेव्हा काय वाटलं, कसं सांगू? आयुष्यभर मी लोकांकडे खालून वर पाहिलं होतं. आता कुंपणापलीकडचं धान दिसत होतं, लोकांच्या टोप्या दिसत होत्या. जो दिसेल त्याच्यासमोर उगाच ब्रेक मारायचो.

चिंधूभाऊंसमोरही मारला. ते आमच्या तलावाचे पाणकर. म्हणजे कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं ते ठरवणारा आणि तलावाचा मातीचा बांध, ही पाळ, सांभाळणारा माणूस. त्यांच्या वडिलांकडे हेच काम होतं, आजोबांकडेही. खेकड्यांनी पाळीत भोकं पाडली की ते पांढरी चिकट माती पायाने मळून ती बुजवायचे. आणि त्यांचा एक नियम होता, सगळ्या गावाचाच म्हणा: पाऊस लागला की धान कापेपर्यंत पाळीवर चाक नाही. सायकलसुद्धा हातात धरून न्यायची. माझी मासळीही कावडीने पाळ ओलांडून रस्त्यावर यायची, आणि तोवर बर्फाचं पाणी व्हायचं.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. टायरवरून हात फिरवला.

"कासवाच्या पाठीवानी आहे जी," ते म्हणाले.

"आता पाळीवरून सरळ नेतो बघा मासळी," मी म्हणालो. थट्टेत — निदान मला तसंच वाटत होतं.

"गाडी उंच झाली भाऊ. पाळ काई उंच नाई झाली."

त्यांच्यासोबतची माणसं हसली. मला राग आला. इतक्या साध्या वाक्याचा राग का यावा? पण आला, आणि मी तो जपून ठेवला. राग जपण्यात मी हुशार आहे.

पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर सारं गाव तोरणाखाली बैलांजवळ होतं. चिंधूभाऊंचीही जोडी होती. तलावावर कोणी नव्हतं. मासळी आणायची नव्हती, काही नव्हतं — मी फक्त गेलो. गाडी पाळीवर चढवली. चढली हो, काय चढली. एका बाजूला भरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवं धान, आणि मध्ये मी. मध्यावर पाण्याकडची चाकं खचली. मी अजून दाबलं. नव्या नक्षीने पाळ अशी खणली की फावड्यालाही जमलं नसतं. गाडी निघाली, ती निघणारच होती. मागे गुडघाभर खोल चाकोरी राहिली.

मी खाली उतरून हातांनीच ती बुजवली. सैल चिखल, वर उपटलेलं गवत. माती मळली नाही, तुडवली नाही. ते कसं करतात हे मला माहीत होतं, लहानपणापासून पाहिलं होतं. पण तोरण तुटायची वेळ झाली होती, आणि लोक परतणार होते.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम काय केलं? टायर उतरवले. ती नक्षी तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. उतरवताना टायरच्या कडेवर कोरलेला आकडा दिसला, टायर कधी बनला ते सांगणारा. माल कितीतरी जुना होता, कडांना बारीक भेगा. मी थेट चंद्रपूर गाठलं आणि दुकानासमोर असा तमाशा केला की रस्ता थांबला. टायरवाला शांतपणे म्हणाला, "भाऊ, ज्या भावात तुम्ही मागितले, त्या भावात नवा भेटते का कुठी?"

त्याने फसवलं हे खरंच होतं. आणि तुम्हाला खरं सांगू — मला आनंद झाला. टायर का काढले, याचं कारण मला फुकटात मिळालं होतं.

मग पाऊस लागून राहिला, आणि एका पहाटे पाळ फुटली. बरोबर मध्यावर. खालचं धान गाळाखाली आडवं झालं. बांध्यांमध्ये रोहू, कतला उड्या मारत होते, लोक धोतरात धरून नेत होते, हसतही होते. ते हसू दुपारपर्यंत टिकलं. मग रिकामा तलाव दिसायला लागला. धान निसवायच्या, लोंबी बाहेर पडायच्या वेळी पाणी कुठून आणायचं?

चावडीसमोर गाव बसलं. अशी कशी फुटली, कोणीतरी म्हणालं. तेव्हा पहिला शब्द माझा होता. "खेकड्याचं भोक राहून गेलं असन." एवढंच. आवाज चढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी हळू बोललो असेन.

चिंधूभाऊ उभे राहिले. "भोक नोहतं जी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गवताखाली खूण दिसली मले. कासवाच्या पाठीवानी. मी वरून माती टाकली, पण पाऊस ऐकेच ना."

सगळ्यांनी वळून माझ्या जीपकडे पाहिलं. ती चिंचेखाली उभी होती, जुन्या बारक्या चाकांवर, चिखलात उभ्या बगळ्यासारखी.

"टायर तर मी पोळ्याच्या आधीच उतरवले," मी म्हणालो. "फसवा माल निघाला. चंद्रपुरात भांडून आलो, माहीत नाई का सगळ्याले?"

माहीत होतं. भांडण सगळ्यांना माहीत होतं, दिवस कोणी मोजला नव्हता.

"आता कासव गाडी चालवून राह्यलं का चिंधूभाऊ?" मागून कोणीतरी म्हणालं. गाव हसलं. मी पण हसलो. खोटं बोललो ते एक वेळ बाजूला ठेवा. ते हसणं — ते माझं मलाच अजून ऐकू येतं.

पाणकरकी दुसऱ्याकडे गेली. सुगीला खळ्यावरून पाणकराचं धान द्यायची रीत आहे. त्या साली चिंधूभाऊ कोणाच्या खळ्यावर गेले नाहीत. सिरोंच्यापलीकडे मिरची तोडायला गेले, मग दर वर्षी जात राहिले. आता थकले, गावातच असतात. बाजाराच्या दिवशी मी त्यांना मरळ देतो, मोठी बघून. लोक म्हणतात गजाननभाऊंचं मन मोठं आहे. मी ऐकून घेतो. पुढे पुढे तर चिंधूभाऊच म्हणायला लागले होते, "खेकडाच असन जी. माझंच ध्यान चुकलं." हे मी किती वेळा ऐकलं, आणि चहा पीत बसलो.

गेल्या बाजाराला ते घरी आले होते. छपरीत ते जुने टायर पडलेले आहेत. बर्फाच्या पेट्या मी त्यांच्यावर ठेवतो. विकले नाहीत, कारण टायरवाल्याविरुद्धचा तो माझा पुरावा आहे. चिंधूभाऊ एका टायरवर टेकले. बोलता बोलता त्यांचं बोट नक्षीत गेलं. खोल चौकटीत वाळून दगड झालेली माती होती, पांढरी. त्यांनी नखाने थोडी खरवडली, तळहातावर थुंकीने भिजवली आणि अंगठ्याने मळली. बराच वेळ मळत राहिले.

मी समोर उभा.

ते उठले. हात धोतराला पुसला. "लय मोठा खेकडा होता जी," म्हणाले. मी दिलेली मरळ पिशवीतून काढून पायरीवर ठेवली, आणि गेले.

त्यांनी मला जाब विचारला नाही, म्हणून तो मीच स्वतःला इथे विचारतो. टायरवाल्याचा जाब वेगळा, तो मी सोडलेला नाही. पण ज्या चावडीवर चिंधूभाऊंना उभं केलं, त्याच जागी येत्या ग्रामसभेत मला उभं करा, आणि पाळ कोणी फोडली ते सगळ्यांसमोर माझ्याकडून वदवून घ्या. मी टायर घेऊन येतो. नक्षीतली माती तशीच ठेवली आहे.