दहा मैलांची चाचणी

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं ते खराडे नाईक आता राहिले नाहीत. निदान कागदावर तरी खरं असू द्यावं, म्हणून लिहितो आहे.

गळीत हंगाम सुरू होऊन आठवडा झाला होता आणि माझ्या गॅरेजमध्ये कोणीही काम करत नव्हतं. सगळे वाद घालत होते. सत्तरच्या दशकाचा मध्य. कराडच्या पुढच्या एका साखर कारखान्यात मी वाहन विभागाचा इंजिनिअर होतो. शेतकी विभागाच्या ओव्हरसिअरांना, म्हणजे गावोगाव फिरून उसाचे प्लॉट बघणाऱ्या लोकांना, कारखान्याने नव्या मोटरसायकली दिल्या होत्या. निम्म्यांनी तोवर फक्त सायकल चालवलेली. त्यांना शिकवायला खराडे नाईकांना हंगामी म्हणून घेतलं होतं. औंधकडच्या कोरडवाहू गावचा माणूस. फौजेत बारा वर्षं मोटरसायकलवरून टपाल पोचवलेलं. काम बरं झालं तर हंगामानंतर कायम करू, असं एम.डी.साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. त्या शब्दावर नाईकांनी बायको आणि दोन मुली कॉलनीत आणल्या होत्या.

नाईकांची शिकवण अशी: "डावीकडं वळायचं, तर डावा हात पुढं ढकला. उजवीकडं, तर उजवा. बाकी गाडी बघती."

आता डावा हात पुढे ढकलला की हँडल उजवीकडे फिरतं. आमचा फिटर बापू हे दाखवायला स्वतःची सायकलच घेऊन आला.

"बघा साहेब! जायाचं डावीकडं आन् चाक उजवीकडं. थेट वड्यात की!" मग नाईकांकडे वळून म्हणाला, "नाईक, फौजंत उलट्या गाड्या असत्यात व्हय?"

"आरं गड्या, तू बी तसाच वळतोस. तुला ठावं न्हाई, एवढंच."

"मी? मी काय येडा हाय?"

हे आठ दिवस चाललं. कँटीनमध्ये तेच, वजनकाट्याच्या रांगेत तेच. ज्यांनी जन्मात गाडी चालवली नव्हती त्यांची मतं सर्वांत ठाम. एक गाडीवान मला म्हणाला, "डावीकडं जायाचं तर डावा कासरा वढायचा. बैलाला कळतंय आन् तुमच्या नाईकाला कळंना?" शाफ्ट बदलायचा ट्रॅक्टर तीन दिवस तसाच उभा. माझं डोकं फिरलं. मी डिप्लोमावाला, हा वाद शास्त्रीय पद्धतीने मिटवायचं ठरवलं.

कारखान्याच्या आवारात मी खडूने एक वळण आखलं. नाईकांना गाडीवर बसवलं.

"करून दाखवा."

"हितं न्हाई साहेब. ह्या चालीला गाडी हँडल फिरवंल तिकडंच जाती. तीस मैलाच्या वर बगा. रस्त्यावर चला, दाखवतो."

"गेटच्या आत ताशी दहा मैलांची मर्यादा आहे. नियम माझाच आहे. आणि चाचणीसाठी गाडी बाहेर न्यायला परवानगी नाही."

"मग ही चाचणी कसली वो?"

शंभर माणसं बघत होती. मी म्हणालो, "ढकला डावा हात." नाईकांनी दहाच्या वेगात डावा हात ढकलला. गाडी उजवीकडे गेली आणि उसाच्या वाड्याच्या, म्हणजे छाटलेल्या हिरव्या शेंड्यांच्या, ढिगात घुसली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बापू तर खाली बसून हसला.

दुसऱ्या दिवशी मी नोटीस लावली: "वळताना हँडल वळणाच्याच दिशेने फिरवावे." खाली माझी सही. एवढ्यावर थांबलो नाही. सकाळी चावी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाकडून ते वाक्य म्हणवून घ्यायचो. म्हटल्याशिवाय चावी नाही.

इथे थोडं समजावून सांगतो. वेगातली दुचाकी वळते ती झुकून. डावीकडे झुकायचं तर चाक क्षणभर उजवीकडे, अंगाखालून बाहेर, सरकावं लागतं. मग गाडी डावीकडे कलते आणि वळते. याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात, हा शब्द मी फार उशिरा वाचला. वेगातल्या सायकलवरसुद्धा आपण हेच करतो, फक्त हात ते गुपचूप करतात, डोक्याला पत्ता नसतो. हाताला नको ते शिकवलं नाही तर कोणाचं काही बिघडत नाही. मी रोज सकाळी तेच शिकवत होतो.

तीन आठवड्यांनी, सोमवारी, सर्जेराव नावाच्या ओव्हरसिअरचा पलूसच्या रस्त्याला अपघात झाला. उजव्या हाताच्या शेतातून उसाची बैलगाडी अचानक रस्त्यावर आली. डावी बाजू मोकळी होती, तरी तो उजवीकडे जाऊन गाडीच्या चाकावर आदळला. मांडीचं हाड मोडलं.

एम.डी. खवळले. "कोणी शिकवलं याला? उद्या रिपोर्ट पाहिजे." मंगळवारी मी रिपोर्ट दिला. कारण लिहिलं: प्रशिक्षकाच्या अशास्त्रीय सूचनांमुळे चालकाचा गोंधळ.

बुधवारी मोटरसायकलवरून सांगलीला दवाखान्यात गेलो. सर्जेरावचा पाय वजन लावून टांगलेला. मला बघून तो बिचारा ओशाळला.

"साहेब, तुमी सांगितलं तसंच केलं बघा. गाडी दिसली, मनात म्हणलं हँडल डावीकडं, आन् जोर लावून फिरवलं. तर गाडी उजवीकडंच पळाली. माझंच कायतरी चुकलं आसंल."

परत येताना रस्ता सरळ लागला, पुढेमागे कोणी नव्हतं. मी गाडी चाळीसवर नेली आणि डावा तळवा किंचित पुढे दाबला. गाडी डावीकडे गेली. उजवा दाबला, उजवीकडे. सहा वेळा केलं. सहाही वेळा नाईक बरोबर. एका मिनिटाचं काम होतं. पण मी ते एकदाही करून न बघता शंभर माणसांसमोर खडूचं वळण आखलं होतं.

गॅरेजमध्ये आल्यावर पहिलं काम केलं ते नोटीस काढून फाडायचं. दुसरं काम, रिपोर्ट परत मागायचं, केलं नाही.

गुरुवारी एम.डीं.च्या केबिनमध्ये नाईक उभे होते, मी खुर्चीवर.

"तुमचं मत कायम आहे?" एम.डीं.नी मला विचारलं.

"आहे, साहेब."

नाईक म्हणाले, "साहेब, एक डाव रस्त्यावर—"

"पुरे," एम.डी. म्हणाले. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. शनिवारी नाईकांनी ट्रंका एस.टी.च्या टपावर चढवल्या. धाकटी मुलगी कॉलनीतल्या शाळेचं दप्तर सोडायला तयार नव्हती.

मी मात्र त्या कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालो. यातून व्यवसायाचा धडा काढायचा तर एवढाच: चाचणीचा वेग ठरवणाराच निकाल ठरवत असतो.

निवृत्तीनंतर एकदा औंधला यमाईच्या दर्शनाचं निमित्त करून त्यांच्या गावी गेलो. माफीचं वाक्य पाठ करून गेलो होतो. नाईक दारात शेंगा निवडत बसले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"आवं साहेब! या, या. आगं, च्या टाक गं." मग पहिलाच प्रश्न: "सर्जेरावाचा पाय कसा हाय आता?"

"जरा लंगडतो."

"लय वाईट झालं त्येचं." ते पुन्हा शेंगा निवडू लागले. मग वर न बघता म्हणाले, "साहेब, रागवू नका. पण तुमी कवा तीसच्या वर ते करून बगितलं का वो?"

वाक्य जिभेवर होतं.

"नाही," मी म्हणालो. "राहूनच गेलं."

"बगा कवातरी. लय सोपं हाय."

"बघतो," मी म्हणालो, आणि चहा घेऊन निघालो.